घरात मावेल तेवढेच

'द सिम्स २' हा संसाराचा खेळ संगणकावर २००४ साली आला आणि पुढच्याच वर्षी, दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाच्या प्लेस्टेशन २ वर. संगणकावरील माणसे जन्मतात, वाढतात, म्हातारी होतात, एके दिवशी जातात. प्लेस्टेशनवर हा जीवनक्रम नाही. तेथे मुले नाहीत, वार्धक्य नाही. त्यामुळे ही आवृत्ती उणी समजली जाते. मला मात्र तिचीच ओढ अधिक वाटत आली आहे.

संगणकावर आपण वरून पाहणारे असतो. बोट हलवून हुकूम द्यावा आणि पात्राने तो पाळावा. प्लेस्टेशनवर पात्राला पावलोपावली स्वतः चालवता येते. त्याला झाडाचे फळ तोडायला न्यावे, शेगडीपाशी उभे करावे, एकेक जिन्नस निवडून पदार्थ रांधावा. नागपूरकरांना यातली गोडी समजावून सांगायला नको. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलाची दोरी ज्या मुलाच्या हाती असते, त्यालाच तो बैल खरा वाटतो; बाकीच्यांसाठी ती नुसती शोभा.

शिवाय पडद्याचे दोन भाग करून दोघांना एकत्र खेळता येते. संगणकाकडे तोंड करणारा घराकडे पाठ करतो. आमच्या इतवारीतल्या घरात मात्र बैठकीत एकच संच होता. मी आणि धाकटी बहीण पुढे बसत असू, मागे आई तांदूळ निवडीत असे. आमची पात्रे मध्यरात्री ताट घेऊन बसली की ती अस्वस्थ होई. "अरे, दिवस केव्हाचा बुडाला, आता काय जेवतो तो?" त्या बिचाऱ्याला भूक सोसवत नसे, आणि भुकेची पट्टी उतरली की त्याला उपवासाची मुभाही नसे. आईला त्या खेळाचे हेच मोठे व्यंग वाटे.

एक गोष्ट मात्र तिला मनापासून पटली होती. घरात किती वस्तू झाल्या हे दाखवणारा एक मापक त्या खेळात असतो. तो भरला की गाठीला कितीही पैसा असो, नवी वस्तू ठेवता येत नाही. आधी जुनी काढावी लागते. आम्ही चिडत असू. कारण साधे होते: त्या यंत्राची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट, तिला अधिक भार पेलत नसे. आई म्हणाली, "कारण काही का असेना, पुरे म्हणणारे कोणीतरी आहे ना!" ती दर चातुर्मासात वहीत नेम लिहीत असे. साड्या किती, भांडी किती, ताटात पदार्थ किती. यंत्राची लाचारी आणि मनाने घेतलेले परिग्रहपरिमाण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे तिलाही ठाऊक होते. तरी त्या भरलेल्या पट्टीकडे ती कौतुकाने पाही.

या खेळमालिकेचा कर्ता विल राइट याचे घर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या आगीत जळाले. संसार नव्याने उभारताना माणसाला खरोखर काय काय लागते, या विचारातून खेळाची कल्पना वाढत गेली आणि २००० साली पहिला 'द सिम्स' निघाला. ज्या खेळात माणसे सोफ्यावर सोफे घेत सुटतात, त्याच्या मुळाशी राख आहे, हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ विचार करीत राहिलो.

वडिलांच्या पश्चात गेल्या वर्षी आम्ही इतवारीचे घर रिकामे केले. मनीषनगरच्या आमच्या सदनिकेत आईच्या वाट्याला एक खोली यावयाची होती. पितळी हंडे, घंगाळे, पाट, शिसवी कपाट, ट्रंका, आणि दुकानात वडील ज्या लाकडी पेटीवर हिशेब लिहीत ती पेटी. बहीण पुण्याहून आली होती. तिला यातले काहीच सोडवेना. आईने मात्र तीन दिवसांत आपले बाजूला काढले: पाच साड्या, पूजेची भांडी, चष्मा, शास्त्राची दोन पुस्तके, वही. बाकी सारे वाटून टाका म्हणाली.

बहिणीचा आवाज चढला. "बाबांची पेटीसुद्धा?"

"तुमच्या त्या खेळात पट्टी भरायची ना? माझी भरली."

"हा खेळ नाही, आई!"

आईने उत्तर दिले नाही. पेटीवरून एकदा हात फिरवला, पदराने धूळ पुसली आणि शेजारच्या मुलाला हंडे उचलायला हाक मारली. बहीण त्या रात्री जेवली नाही. मला दोघींचेही पटत होते, म्हणून मी कोणाचीच बाजू घेतली नाही. आजही घेता येत नाही.

पेटी सध्या आमच्या गॅलरीत आहे. दिवाळीला नेते, असे बहीण म्हणाली होती, दिवाळी झाली. आईच्या वहीत तिची नोंद नाही. सकाळी ऊन आले की आई तिच्यावर कधी कधी बसते.