जळिताच्या आधींचे फोटो

कोल्हापूरकरास फोटोंचे दोन वैरी ठाऊक आहेत, अग्नि आणि पाणी. १९४८ सालीं गांधीहत्येनंतर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पाण्याची ओळख आमच्या घरास २०१९ च्या ऑगस्टांत झाली. पंचगंगा उतरल्यावर कपाटांतून आल्बम निघाले ते विटांसारखे घट्ट होऊन! एकेक पान स्वच्छ पाण्यांत पुन्हा भिजवून फोटो सोडवावे, सावलींत वाळवावे, आणि डिजिटल कॅमेऱ्यानें त्यांची प्रत घेऊन संगणकांत भरावी, हा उद्योग आम्ही कित्येक महिने केला.

फोटो संगणकांत भरणें सोपें. ते लावणें हेंच खरें काम. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर दिवस व वेळ गुपचूप लिहून ठेवतो, आणि फोटो लावणारें सॉफ्टवेअर त्या नोंदीवर वेदवाक्याप्रमाणें विश्वास ठेवतें. त्यामुळें आमच्या वडिलांची मुंज पूर ओसरल्यावर पंधरा दिवसांनीं, दुपारीं सवातीनला लागली, असें त्यानें ठरवून टाकलें! तारीख बदलतां येते. पण घालावयाची कोणती? आमच्या आत्याबाई तेव्हां शहाऐंशी वर्षांच्या होत्या. त्या कधींच साल सांगत नसत. "हा जळिताच्या आधींचा, हा नंतरचा," एवढेंच म्हणत. १९४८ च्या त्या दंगलींत आमचा जुना वाडाहि जळाला होता. फोटोंची पेटी तेवढी शेजाऱ्यांनीं बाहेर काढली. तेव्हांपासून आमच्या घराण्याचा शक तोच. सॉफ्टवेअरला तो शक मान्य नाहीं. आम्ही अदमासानें साल घातलें, आणि खालीं आत्याबाईंचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

चेहऱ्यांचें प्रकरण याहून गमतीचें. एकाच माणसाचे चेहरे निवडून सॉफ्टवेअर ते एकत्र करतें व हे कोण म्हणून विचारतें. परकरांतल्या आत्याबाई आणि अमेरिकेंतली त्यांची नात या दोघी एकच, असा त्यानें निवाडा दिला. आत्याबाई त्या दिवशीं दोन घास अधिक जेवल्या.

दिलेलें नांव चित्राच्या फाइलींतच लिहिलें जाईल, एवढी खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. गूगलचें पिकासा पुष्कळांनीं हौसेनें वापरलें. २०१६ सालीं गूगलनें तें बंद केलें. त्यांतलीं नांवें बहुधा निराळ्या फाइलींत असत, आणि संगणक बदलला कीं मागें रहात. फोटोच्या पाठीवर शाईनें लिहिणारे आमचे वडीलधारे या बाबतींत अधिक शहाणे! आम्ही डिजिकॅम घेतलें. तें फुकट मिळतें, आणि चित्रांतच नांव लिहूं शकतें.

एका फोटोशीं काम अडलें. वाड्याच्या चौकांत पंगत बसली आहे, आणि मागें तालमींतला एक तरणा पोरगा पाण्याची कळशी घेऊन उभा आहे. हा कोण, असें विचारतां आत्याबाई बराच वेळ पहात राहिल्या.

"रोज यायचा आपल्याकडे. जळिताच्या दिवशींहि आला होता."

"सामान बाहेर काढायला?"

त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें म्हणाल्या, "नांव लिहूं नकोस. त्याचीं नातवंडं आज आपल्या घरीं जेवून जातात."

आत्याबाईंना जाऊन आतां दोन वर्षें झालीं. तोच चेहरा आणखी तीन फोटोंत असल्याचें सॉफ्टवेअरनें आपण होऊन शोधून काढलें आहे. त्या चौकटी रिकाम्या आहेत, आणि बिननांवाच्या चेहऱ्यांची यादी उघडली कीं सर्वांत वर तोच येतो.