पदराला लावायचा माइक

कोथरूड, पुणे
रविवार

चि. भाचीस,

लवळे गावातल्या त्या ओसरीवर गेल्या आठवड्यात तू घेतलेल्या मुलाखतीत जे झालं, त्यावरून हे पत्र. आजी सासऱ्यांकडून ऐकलेली मुळशी सत्याग्रहाची गोष्ट सांगत होत्या. १९२१ साल, टाटांचं धरण, सेनापती बापट, सगळं ओघात येत होतं. उजेड सुरेख होता आणि कॅमेराही नीट चालला होता. रात्री टेकडीवरच्या तुझ्या खोलीत तू हेडफोन लावलास, तर ऐकू आली ती गोठ्यातली म्हैस आणि पत्र्यावरचा वारा. आजी मात्र विहिरीतून बोलल्यासारख्या. मग तुझा प्रश्न आला: कॉलर माइक तारेचा घ्यावा की बिनतारी?

दोष म्हशीचा नव्हता, अंतराचा होता. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. कॅमेरा आठ फुटांवर होता, तर कॉलर माइक हनुवटीच्या खाली वितीभर अंतरावर बसतो. एवढ्याने वीस डेसिबलहून जास्त फरक पडतो. म्हैस आपल्या जागीच राहते, आजी पुढे येतात. हे काम तारेचा माइक करतो, तसंच बिनतारीही करतो.

गंमत म्हणजे दोघांचं वय जवळपास सारखंच. इलेक्ट्रो-व्हॉइसचा गळ्यात दोरीने अडकवायचा छोटा माइक १९५३ चा आणि शुअरचा ‘व्हॅगाबाँड’ हा बिनतारी माइकही १९५३ चाच. व्हॅगाबाँडची पोच सुमारे ७०० चौरस फूट, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम फ्लॅटएवढी. पुढे १९६२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक घडवला. त्यामुळेच माइक शेंगदाण्याएवढा झाला, स्वस्त झाला आणि कॉलरवर आला.

आता तारेचा. बाजारात सर्रास दिसणारा ‘बोया बीवाय-एम१’ घे. किंमत हजाराच्या आतबाहेर, तार सहा मीटर, मध्ये एक डबी आणि डबीत एलआर४४ चा बटन सेल. डबीवरचं बटण एका बाजूला फोनसाठी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यासाठी. कॅमेऱ्याला लावताना सेल लागतो. बटण तसंच राहिलं की सेल गुपचूप उतरतो आणि पुढच्या शूटिंगला माइक मुका. तारेची दुसरी खोड सगळ्यांना माहीत आहे: बोलणारा उठला की कॅमेराही त्याच्या मागे निघतो. आजीबाई मुलाखतीत तीनदा उठतात, एकदा दुधासाठी, एकदा कोंबड्या हाकलायला आणि एकदा उगाच. पण तारेचं दुखणं समोर दिसतं. पिन सैल झाली की खरखर होते आणि हेडफोन लावलेल्याला तिथल्या तिथे कळतं.

बिनतारीचं दुखणं हवेत असतं. २०१९ मध्ये आलेल्या रोडच्या ‘वायरलेस गो’पासून हे काड्यापेटीएवढे संच घरोघरी झाले. त्यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्याकडे परवान्याविना वापरता येतो आणि म्हणूनच तिथे गर्दी असते. वाय-फाय तिथे, ब्लूटूथ तिथे, मायक्रोवेव्हही तिथेच. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी ह्या लहरी गिळतं. ट्रान्समीटर पाठीला आणि रिसीव्हर समोर असला, तर मध्ये अख्खा माणूस उभा राहतो.

ह्याचा चटका मामाला एका लग्नात बसला. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये चाचणी झकास झाली. संध्याकाळी पाचशे वऱ्हाडी आले, खिशात पाचशे फोन घेऊन, आणि नवरदेवाच्या आजोबांचं भाषण चाळणीतून गाळल्यासारखं तुकड्यातुकड्यांत आलं. आजोबांना ते पुन्हा करायला कोण सांगणार? लवळ्यातही हाच फरक लक्षात ठेवायचा. टेकडीवर विद्यापीठ, वसतिगृहं, खोलीखोलीत राउटर. पायथ्याच्या शिवारात हवा मोकळी, तिथे तोच संच निमूट चालतो.

आपल्याच जिल्ह्यात एक ठिकाण असं आहे, जिथे हवेत काहीही सोडताना विचार करावा लागतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात. व्यावसायिक बिनतारी माइक ज्या पाच-सहाशे मेगाहर्ट्झवर चालतात, तो पट्टाही त्यांच्या कानांच्या टप्प्यात येतो. तिथे कधी मुलाखत घ्यायची झाली, तर तारेचाच माइक न्यावा.

मग आजींसाठी काय? बिनतारीचा तीसेक ग्रॅमचा डबा थेट पदराला लावला तर सुती पदर लोंबतो. त्यापेक्षा छोटा माइक पदराच्या काठाला, त्याची तार पदराखालून आणि ट्रान्समीटर कनवटीला. मात्र पिन आधी बघ: दोन काळ्या रेघांची कॅमेऱ्याची, तीन रेघांची फोनची. ट्रान्समीटरला बहुधा दोन रेघांचीच चालते. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटले की प्रत्येक श्वासाला टकटक येते, म्हणून माइक एका बाजूला सरकव. तारेचा छोटा फास करून मेडिकलमधल्या मायक्रोपोर टेपने चिकटव, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. टेकडीवर बोलणं असेल, तर स्पंजच्या बोंडाने भागत नाही, केसाळ टोपीच लागते.

आणि पैसे कमी असतील तर तिसरी वाट आहे. तारेचा माइक घ्यायचा, तो हेडफोनचं भोक असलेल्या जुन्या फोनला लावायचा, फोन विमान मोडवर टाकून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तोच आजींच्या कनवटीला द्यायचा. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. आजींनी मग खुशाल कोंबड्या हाकलाव्यात. महागड्या संचांनी केलंय तेही हेच. ‘वायरलेस गो २’ (२०२१) ट्रान्समीटरच्या आतच आवाज साठवतो, म्हणजे हवेत तुटलं तरी मूळ प्रत बोलणाऱ्याच्या अंगावर शाबूत. बिनतारी घ्यायचाच असेल, तर पेटीवर सर्वांत आधी ही सोय आहे का ते बघ. दोनशे मीटरच्या पल्ल्याचं कौतुक नंतर.

पुढच्या रविवारी दोन्ही माइक घेऊन ये. तार कोपराला गुंडाळून आणू नकोस, आतली तांब्याची जाळी पिळवटते. मामीला स्वयंपाकघरात उभी करू, पदराला माइक लावू, मायक्रोवेव्ह सुरू करू आणि आंबेमोहोराचा भात कसा करायचा ते विचारू. रिसीव्हर घेऊन तू बाहेरच्या खोलीत बस.

तुझा
मामा