तापीकाठची संध्याकाळ

भुसावळ म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक रेल्वे जंक्शन आणि दुसरे ऊन. दोन्ही खरे आहे. मुंबईहून निघालेली गाडी सुमारे साडेचारशे किलोमीटर धावून इथे येते आणि पुढे एक वाट नागपूरकडे, दुसरी खंडव्याकडे फुटते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. पण या गावाची तिसरी गोष्ट पाहुण्याला दिसत नाही. ती म्हणजे इथली संध्याकाळ. ती फक्त गावात राहणाऱ्यालाच मिळते.

आम्ही पाचजण एकाच वस्तीत लहानाचे मोठे झालो. कुणाचा बाप गँगमन, कुणाचा इंजिनशेडमध्ये खलाशी, तर कुणाचा स्टेशनवर हमाल. कोळशाच्या इंजिनाचे दिवस होते ते. बाप घरी यायचा तो काळाठिक्कर होऊन. भोंगा झाला की आया चुली पेटवायच्या. कुणाच्याही घरी भाकरी असली की ती पाचांत तुटायची. पुढे आमच्यातला एक फिटर झाला, एक शाळेत मास्तर, एकाने टेलरिंगचे दुकान टाकले, एकाने रिक्षा घेतली आणि एक ठेकेदाराकडे कामाला लागला. लग्ने झाली, नातवंडे झाली, पण गाव कुणी सोडले नाही. आज सगळ्यांनी साठी ओलांडली आहे.

आमची संध्याकाळ तापीवर जाते. पूर्वी सायकलीवर डबलसीट जायचो, आता रिक्षात दाटीवाटीने बसतो. खंडव्याकडे जाणारी गाडी रेल्वेच्या पुलावरून धडधडत निघाली की आवाजावरून ओळखायची, ही मालगाडी की पंजाब मेल? हा खेळ आम्ही पन्नास वर्षे खेळतो आहोत. जो चुकला त्याने भत्ता द्यायचा. भत्ता म्हणजे शेव-मुरमुरे, शेंगदाणे, वरून कांदा आणि मिरची. कागदाच्या पुडीत पाच हात जातात. बोलणे काय, तर तेच ते. मुलाची नोकरी, सुनेचे बाळंतपण, गुडघे. नाही बोललो तरी चालते. पाणी पश्चिमेकडे, सुरतेच्या बाजूला जात राहते आणि आम्ही बघत राहतो.

वर्षातून दोन-तीनदा जरा लांब जायचे. थंडीत हतनूर धरण. एक्केचाळीस दरवाजांची ती भिंत पावसाळ्यात दरवाजे उघडल्यावर पाहावी आणि मागचे पाणी थंडीत पाहावे. दूरदेशीचे पक्षी तिथे उतरलेले असतात. त्यांची नावे आम्हाला येत नाहीत, पण दरवर्षी तेच पाहुणे परत आले की बरे वाटते.

सगळ्यात मोठी सहल झाली ती १९७७ साली. मॅट्रिकच्या वर्षी आम्ही पाचजण अजिंठ्याला गेलो. भुसावळहून पॅसेंजरने पाचोरा, तिथून छोट्या रुळांच्या पी. जे. गाडीने पहूर, पुढे एसटीने फर्दापूर आणि मग पायी. ती पी. जे. गाडी इतकी सावकाश चालायची की आमच्यातल्या एकाने पैज लावून उतरून तिच्या बरोबरीने धाव घेतली होती. २०२० मध्ये ती गाडी थांबली. आम्हाला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

अजिंठ्याला वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी ती लेणी पाहून आम्ही मुकाट झालो. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. तिच्यापुढे हात आपोआप जोडले गेले. त्या लेण्याची एक गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा कळली. मास्तराने ती कुठेतरी वाचून तापीवर सांगितली. ते लेणे पाचव्या शतकात बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करवून घेतले. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज हा त्याचा जिवलग मित्र. लेण्याच्या शिलालेखात या दोघांच्या स्नेहाचा उल्लेख आहे आणि हे काम मित्राच्या व आपल्या आईबापांच्या स्मरणार्थ केल्याचे लिहिले आहे. दीड हजार वर्षे झाली, मैत्री दगडात आहे. ते ऐकून त्या दिवशी भत्ता तसाच राहिला.

आता खरी गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्यातला पाचवा तापीवर येईनासा झाला. विचारले की म्हणायचा, "गुडघे दुखतात रे भो." हतनूरला आला नाही. थंडीतल्या भरीत पार्टीलाही आला नाही. आम्ही रागावलो. म्हटले, म्हातारपणी शिष्टपणा आला. एक दिवस बाजारात वहिनी भेटल्या. आम्ही तक्रार केली, तशा त्या खाली बघत म्हणाल्या, "भाऊजी, त्यांचे काम सुटले त्याला वर्ष झाले. तुमची वर्गणी कुठून द्यायची?"

आमच्या पायाखालची जमीन सरकली. वर्गणी! आमची सहल कधी महाग झाली ते आमच्याच ध्यानात आले नव्हते. फिटर आणि मास्तरला पेन्शन. मग जीप भाड्याने, जेवण ढाब्यावर, माणशी इतके इतके. एका भाकरीचे पाच तुकडे करणाऱ्यांना वर्गणी मागताना लाज वाटली नाही, आणि ज्याच्याकडे नव्हती तो मात्र लाजून घरी बसला.

त्याच संध्याकाळी चौघे त्याच्या दारात गेलो. कामाचा विषय कुणी काढला नाही. फिटर म्हणाला, "रविवारी भरीत आहे. वर्गणी बंद. ज्याच्या घरी जे असेल ते आणायचे. पण वांगी भाजायला तुझ्याशिवाय कुणाला येत नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काड्या ओल्या आणू नका. मागच्या खेपेला धूर झाला असंल."

तो रविवार आम्ही विसरणार नाही. बामणोदची मोठी हिरवी वांगी होती. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची चव आम्हाला आधीपासूनच ठाऊक. वांग्यांना तेलाचा हात लावून कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ती भाजली. साल काढून लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर मुसळीने ठेचली. वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून फोडणी दिली. पीठ घरून आले होते, ज्वारी आणि उडदाचे, कळण्याचे. यावेळी बायका-मुलेही बरोबर होती. बायकांना सतरंजीवर बसवले आणि वाढपी आम्ही झालो. केळीच्या पानावर पहिला घास वहिनींनी घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो पाचवा.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट फार मोठी नाही. पण प्रत्येकाच्या गावात असा एखादा मित्र असेल, जो अलीकडे येत नाही. त्याला शिष्ट म्हणण्याआधी त्याच्या दारात एकदा जाऊन या. जाताना वर्गणीची वही घरी ठेवा आणि पुडीत थोडा भत्ता घेऊन जा.

आमचे म्हणाल तर तापीवर पुन्हा पाचजण असतो. काल पुलावरून गाडी गेली तेव्हा चौघे म्हणाले, पंजाब मेल. पाचवा म्हणाला, मालगाडी. मालगाडीच होती. भत्ता आमच्यावर बसला.