बिरवाडीच्या वर दुसऱ्या गिअरमध्ये

"पत्रकार, एवढ्या पैशात बोलेरो आली असती."

हे वाक्य मला गेल्या तीन वर्षांत महाडपासून पोलादपूरपर्यंत निदान शंभर जणांनी ऐकवलं असेल. चहाच्या टपरीवर, तहसीलच्या आवारात, एकदा तर अंत्ययात्रेत. कारण माझी गाडी. 2017 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय, सेकंडहँड, पुण्याकडची. 2022 मध्ये पावणेसात लाखांना घेतली तेव्हा 61 हजार किलोमीटर झालं होतं, आज एक लाख 18 हजारांवर गेलंय. नंबर अजून एमएच 14 चाच आहे, कारण राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करताना नंबर बदलत नाही. त्यामुळे नाक्यावरचे नवे हवालदार अजूनही मला महाबळेश्वरला निघालेला पुणेकर समजतात.

आज जरा लांबलचक लिहितोय. गाडीवरच लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

आधी ही गाडी म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत हिला हॉट हॅच म्हणतात. भाजी आणायला, पोरांना क्लासला सोडायला जी छोटी गाडी लागते तीच, फक्त इंजिन तिच्या आकाराला न शोभणारं. 1976 मध्ये जर्मनीत गोल्फ जीटीआय आली तेव्हापासून हा प्रकार जगभर रुजला. आपल्याकडे मात्र मायलेज विचारल्याशिवाय कोणी गाडीचं दार उघडत नाही, त्यामुळे असल्या गाड्या आल्या आणि गेल्या. 2001 ची फियाट पॅलिओ 1.6 आठवते का? जाहिरातीत सचिन होता. नंतर बलेनो आरएस आली, टाटांची टियागो जेटीपी आली, दोन्ही दोन-तीन वर्षांत बंद. 2015 ची अबार्थ पुंटो तर 145 अश्वशक्तीची, आणि बनायची कुठं, तर आपल्या रांजणगावला. माझी पोलो चाकणची. म्हणजे ज्या गाड्यांना लोक "फॉरेनची" म्हणतात त्या पुणे जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातच्या आहेत. त्यातले किती कामगार आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरून तिकडं गेलेले असतील, हा वेगळ्या पोस्टचा विषय.

डिझेल पोलो 2020 ला बीएस-6 च्या नियमांबरोबर बंद झाली आणि अख्खी पोलोच 2022 मध्ये. म्हणून सेकंडहँडशिवाय पर्याय नाही. नवीन हवी असेल तर गोल्फ जीटीआय 2025 मध्ये भारतात आली, तेव्हा 53 लाखांच्या आसपास. तेवढ्यात महाडमध्ये काय काय येईल याची यादी कमेंटमध्ये करू नका.

माझ्या गाडीत दीड लिटरचं डिझेल इंजिन आहे, 110 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क. आकडे सोडा. सोप्या भाषेत सांगतो. एमआयडीसीचा केमिकलचा टँकर पुढे आहे, मागे एसटी हॉर्न देतेय, समोरचा रस्ता दोनशे मीटर मोकळा दिसतोय. अशा वेळी साधी गाडी ओव्हरटेक करताना आपण श्वास धरून ठेवतो. या गाडीत तिसऱ्या गिअरवर पाय दाबला की टँकर आरशात गेलेला असतो. चुकीच्या बाजूला आपण जितके सेकंद कमी, तितकं आयुष्य सुरक्षित. लोकांना वाटतं दमदार इंजिन म्हणजे मस्ती. मी तिला घाटातली सोय म्हणतो. आंबेनळी उतरताना दुसऱ्या गिअरवर ती स्वतःला धरून ठेवते, ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. 28 जुलै 2018 ला याच घाटात दापोली कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली आणि 30 कर्मचारी गेले. त्यानंतर या घाटात कुणी वेगाच्या गप्पा मारायला लागला की मी विषय बदलतो.

पण मजा येत नाही असं म्हणालो तर खोटं होईल. कशेडीला बोगदा सुरू झाल्यापासून जुना घाट बराच मोकळा झालाय. रविवारी सकाळी सहाला, पाऊस नुकता थांबलेला, रस्ता ओला नाही पण झाडं टपकतायत. स्टिअरिंग हातात जड लागतं, वळणात गाडी कलत नाही, आणि पंचेचाळिशीचा माणूस एकटाच गाडीत हसत असतो. बायको म्हणते, तुमचं बरं आहे, योगासनांचे पैसे वाचले.

घेताना काय पाहिलं ते बरेच जण इनबॉक्समध्ये विचारतात, म्हणून एकदाच लिहितो. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण हव्यात. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते कागदावर हवं, तोंडी नको. तो तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. पेट्रोलची जीटी टीएसआय चालवायला सुंदर आहे, पण तिचा सात गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स ट्रॅफिकमध्ये तापतो आणि बिघडला तर खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. मी हातगिअरची डिझेल घेतली. नोव्हेंबर 2015 पर्यंतच्या डिझेल गाड्या धुराच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात परत बोलावल्या होत्या, देशात सव्वातीन लाखांच्या आसपास, सगळ्या फोक्सवॅगन ग्रुपच्या. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झालंय का ते विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर. हे आपल्याला बाहेरच्यांनी शिकवायची गरज नाही. 22 जुलै 2021 च्या रात्री महाडमध्ये ज्या गाड्या बुडाल्या त्यातल्या किती धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून पुढं कुठं कुठं विकल्या गेल्या असतील, देव जाणे. नंतर वर्षभर महाडचा माणूस गाडी विकायला निघाला की समोरचा पहिलं विचारायचा, पुरातली नाही ना? तर उलटं आपणही विचारायला शिका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. स्टेपनी काढा, खालच्या खळग्यात गाळ असतो. गालिचा उचलून वास घ्या. अत्तर जास्त मारलेली गाडी घेऊ नका. मी पुण्यात त्या मालकाच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून गालिच्याचा वास घेत होतो. तो बिचारा आयटीतला, बघतच राहिला. कुठले तुम्ही, म्हणाला. महाड म्हटल्यावर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता मूळ मुद्दा.

ही गाडी जमिनीला टेकून चालते. टायर पातळ, सस्पेन्शन कडक. बोलेरोत बसलेल्या माणसाला खड्डा खिडकीतून दिसतो, माझ्या गाडीत तो कमरेला कळतो. त्यामुळं गेल्या तीन वर्षांत मला आपल्या भागातल्या रस्त्यांची जी माहिती झाली ती वीस वर्षांच्या पत्रकारितेत झाली नव्हती. दोन अलॉय वाकले, एक टायर फुटला, पुढच्या सस्पेन्शनचे बुश दोनदा बदलले. प्रत्येकाची तारीख आणि जागा डायरीत लिहून ठेवली आहे. कुठला पॅच पावसाआधी टाकला आणि किती दिवसांत उखडला, हेही त्यात आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, त्याच्यावर सगळे बोलतात. त्याला टीव्ही आहे, रील आहेत, गणपतीत कोकणात येणारे चाकरमानी आहेत. हायवे सोडून आत वळलात, की त्या रस्त्यांना कोणी नाही.

मागच्या वर्षीची ऑक्टोबरमधली गोष्ट. भातकापणी चालू होती. एका बातमीसाठी तळीयेच्या बाजूला गेलो होतो, परत निघताना एका वाडीजवळ दोघांनी हात केला. वाडीचं नाव लिहीत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला भाताचा भारा उचलताना विंचू चावला होता, लाल. अंग घामानं थबथबलेलं, हात गार. बापानं मला विचारलं नाही, दार उघडून पोराला मागे आडवंच केलं आणि म्हणाला, "भाऊ, महाड."

आपल्या भागाला विंचवाचं काय सांगायचं? डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले ते इथंच थांबले. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, फुफ्फुसात पाणी होतं, हे त्यांनी इथल्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून पाहिलं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी यावर चालते हे त्यांनी दाखवलं आणि जगानं मान्य केलं. 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे औषध याच तालुक्यात सापडलं. गोळी स्वस्त आहे. तिच्यापर्यंत वेळेत पोचलं पाहिजे, एवढंच राहतं.

त्या वाडीपासून बिरवाडी 11 किलोमीटर. बिरवाडी ते महाड जवळपास तेवढंच. पत्रकाराची सवय म्हणून निघताना घड्याळ पाहिलं होतं. बिरवाडीला पोचायला 41 मिनिटं लागली. पुढं महाडच्या दवाखान्यापर्यंत 14.

गाडी तीच, ड्रायव्हर तोच. 110 अश्वशक्तीतली वरची पंधरा-वीस तरी वापरली का, शंका आहे. बहुतेक वेळ दुसरा गिअर, काही ठिकाणी पहिला. एका जागी रस्ता असा खचलेला की बापाला उतरवून पुढं चालायला लावलं, मी पोराला घेऊन तिरकी गाडी काढली. खालचा गार्ड दगडाला घासल्याचा आवाज झाला तेव्हा मागून पोरानं विचारलं, "काका, तुटली का?" त्याही अवस्थेत त्याला गाडीची काळजी. पोरगं वाचलं. दोन दिवसांनी घरी गेलं. बापानं परवा तांदळाची पिशवी आणून दिली, घ्यावी लागली.

बोलेरो असती तर लवकर पोचलो असतो का? असतोही. चार-पाच मिनिटं वाचली असती. पण त्या वाडीत बोलेरो कोणाकडं आहे? त्यांच्याकडं टमटम आहे, मोटारसायकल आहे, आणि दिवसाला ठरलेल्या वेळेची एसटी. रस्ता खराब म्हणून ज्याला परवडेल त्यानं उंच गाडी घ्यावी, हा आपण सगळ्यांनी गुपचूप मान्य केलेला तोडगा आहे. मला "बोलेरो घ्यायची" म्हणून सांगणारे वाईट नाहीत, पण ते काय सांगतायत ते त्यांनाही कळत नाही. ते सांगतायत की रस्ता सुधारणार नाही, तू तुझं बघ.

तळीयेचं नाव निघालं की आपण हळू आवाजात बोलतो. बोलायलाच हवं. 22 जुलै 2021 ला दुपारनंतर डोंगर खाली आला, 80 हून अधिक माणसं गेली. त्याच 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला होता, तो सगळा सावित्रीतून आपल्याकडं. पोलादपूरमध्ये साखर सुतारवाडी आणि केवनाळेलाही दरडी कोसळल्या. दरड थांबवणं माणसाच्या हातात नव्हतं असं क्षणभर धरू. पण मदत दुसऱ्या दिवशी पोचली, कारण महाड पाण्यात, फोन बंद आणि रस्ते दरडींनी तुटलेले. तेव्हा माझ्याकडं मोटारसायकल होती. तीही वाटेत सोडून चिखलातून चालत गेलो होतो. नातेवाईक हातानं माती उपसत होते, ते पाहिलेला माणूस "रिस्पॉन्स टाइम" हा शब्द सरकारी अहवालात वाचू शकत नाही.

त्यानंतर कंटेनर आले, म्हाडाची घरं आली, नेते आले, माणसं वर्षानुवर्षं कंटेनरात राहिली, त्यावर मी वेळोवेळी लिहिलं आहे. रस्त्याचं काय? पाहुणे यायचे असले की आदल्या रात्री खडी पडते. त्यांच्या ताफ्यात एकही छोटी गाडी नसते, कधी नीट बघा. 2005 ला जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. 2016 ला राजेवाडीजवळचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल, दोन एसट्या आणि एक टवेरा गेली. तो पूल हायवेवरचा होता, म्हणून 165 दिवसांत नवा उभा राहिला. करायचं ठरवलं तर होतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या डायरीतल्या नोंदी टाईप करून घेतल्या आहेत, जागा आणि तारखेसह, सात पानं झाली. संबंधित कार्यालयात गेल्या आठवड्यात दिली, पोच घेतली आहे. ज्यांना हवी त्यांनी मागा, व्हॉट्सअॅपला पाठवतो. तुमच्या वाडीचा रस्ता त्यात नसेल तर फोटो आणि जवळची खूण कळवा.

साहेबांना एक तोंडी विनंतीही केली आहे, इथं पुन्हा करतो. यंदा पावसाआधीची पाहणी बिरवाडीच्या वर माझ्या गाडीतून करा. डिझेल माझं. पुढच्या सीटवर ऐसपैस जागा आहे. मागे मात्र दोघंच बसा, तिसऱ्याचे गुडघे छातीला लागतात.