उसनी आज्ञावली

आलेख काढणाऱ्या गणकयंत्रांत दुसऱ्यानें रचिलेली आज्ञावली घालून उदाहरणें सोडविणें ही चोरी कीं शहाणपण, यावर आमच्या वरच्या वर्गांत यंदा बराच वाद माजला. कित्येकांचें मत असें कीं, अशा कामास गुणच देऊं नयेत. आम्हांस हें मत पटत नाहीं; आणि न पटण्याचें कारण शोधण्यास कोंकणाबाहेर जावें लागत नाहीं.

मुरुड-जंजिऱ्याकडील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके 1442, म्हणजे इ. स. 1520, हें आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचिलें. त्यांत ज्याचापांची कटकट नाहीं. 11 वर्षांचें एक चक्र कल्पून गेलेल्या दिवसांची संख्या त्यांनीं 4016 च्या आंत आणून ठेविली. आरंभींची ग्रहस्थिति हा क्षेपक व एका चक्रांत पडणारा फरक हा ध्रुव, एवढे आंकडे हाताशीं असले म्हणजे मध्यम ग्रह काढण्यास साधें अंकगणित पुरे. आज्ञावली म्हणतात ती याहून निराळी काय असते?

हे आंकडे सर्वस्वी त्यांच्या पदरचे नव्हते. सूर्य त्यांनीं सौरपक्षावरून घेतला, गुरु आर्यपक्षावरून. शनि आर्यपक्षाचाच, पण 5 अंश वाढवून. शुक्राचें केंद्र ब्राह्म व आर्य या दोहोंच्या मधोमध. आणि कोणतें कोठून घेतलें, हें ग्रंथांतच सांगून ठेविलें. जें आकाशाशीं जुळलें तें घेतलें, जें न जुळलें तें दुरुस्त केलें.

पुढें पंचांगकर्त्यांच्या पिढ्यान् पिढ्या त्याच आंकड्यांवर गणित करीत राहिल्या. आकाश मात्र कोणासाठीं थांबलें नाहीं. गणित व प्रत्यक्ष यांत अंतर पडत गेलें. 1860 सालीं केरो लक्ष्मण छत्रे यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं, तीं युरोपीय कोष्टकांच्या आधारें. म्हणजे तीही उसनवारीच!

आमच्या वर्गांतील एका मुलानें वर्गसमीकरणाची आयती आज्ञावली आणिली होती. पहिला सहगुणक शून्य घाल, असें आम्ही सांगतांच यंत्रानें हात टेकले. 'सर, सगळे हीच वापरतात,' याखेरीज त्यास कांहीं सांगतां येईना. शेजारच्या मुलीनें तीच आज्ञावली घेतली होती. पण शून्याची तपासणी आधीं घालून, आणि मूळ कोठून मिळालें तें वहींत लिहून. तिला आम्ही पूर्ण गुण दिले, त्यास आठ दिवसांची मुदत. मुलाचे वडील रागानेंच भेटावयास आले. दोघांनींही उसनेंच आणिलें, मग हा भेद कां, हा त्यांचा प्रश्न वाजवी होता. आम्ही मुलीस बोलावून ओळीओळीचा अर्थ विचारला. तिनें तो सांगितला. वडील ऐकून घेऊन गेले, पण त्यांचें समाधान झालें असें आम्हांस वाटत नाहीं.

वर्गांत आम्ही शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा 1896 सालचा ग्रंथ ठेविला आहे. दीक्षित पेशानें शिक्षक; जन्म 1853, मुरुड येथें. (हें मुरुड दापोलीचें, जंजिऱ्याचें नव्हे.) कोणत्या ग्रंथकारानें कोणता आंकडा कोठून घेतला व त्यांत काय फेरफार केला, याचा शोध त्यांनीं एकेका ग्रंथांत शिरून घेतला आहे. मुलें तूर्त गणेश दैवज्ञांचें प्रकरण वाचीत आहेत.