पहिली दहा मिनिटे

कोनमध्ये राहणाऱ्याला अपघात ही बातमी वाटत नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता दाराशी, एक्स्प्रेसवे जवळच, पलस्पे फाट्यावरून निघणारा गोव्याचा महामार्ग आणि बंदराकडे ये-जा करणारे कंटेनर. रात्री मोठा आवाज झाला की गॅलऱ्यांत दिवे लागतात. पुरुष खाली उतरतात, बायका वरूनच विचारतात, "आपल्यातलं कोणी नाही ना?" मग सायरन ऐकू येतो आणि दिवे मालवतात.

15 जुलै 2024 च्या रात्री डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस पनवेल तालुक्यातच एक्स्प्रेसवेवर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण दगावले, चाळीसच्या आसपास जखमी झाले. त्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "टीचर, डॉक्टर येईपर्यंत जखमी माणसाला काय करायचं असतं?"

"108 ला फोन करायचा," हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. तरीही गाडीला वाहतुकीतून वाट काढत यावे लागते. रक्त तोवर थांबत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले दोन लिटर गेले की जीव धोक्यात येतो. मांडीतली मोठी धमनी तुटली तर हे काही मिनिटांतच घडते. म्हणजे पहिली दहा मिनिटे डॉक्टरांची नसतात, जो सर्वांत जवळ उभा आहे त्याची असतात.

हे मला आमच्या मामूंमुळे कळले. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मामू ट्रक चालवत. गोवा रस्त्यावर गाडी उलटली आणि पत्र्याने त्यांची मांडी चिरली. गर्दी जमली होती. कोणी पाणी पाजले, कोणी वारा घातला, कोणी कलमा पढला, दोघे-तिघे वाहन शोधायला धावले. सगळे भले लोक होते. पण जखमेवर हात कोणीच ठेवला नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. डॉक्टर अब्बांना म्हणाले, "एकच जखम होती. कोणी ती घट्ट दाबून धरली असती तर कदाचित वाचले असते." मामी अजूनही त्या माणसांना दुवा देतात, दोष देत नाहीत. त्यांना माहीतच नव्हते, असे म्हणतात. आज मात्र माहीत नाही म्हणण्याचे कारण उरलेले नाही.

करायचे ते असे. आधी स्वतःची सुरक्षितता पाहावी. रस्त्यावर दुसरी गाडी आपल्यावर येऊ नये. एकाने 108 किंवा 112 लावावा, दुसऱ्याने जखमीकडे जावे. कपडा बाजूला करून रक्त नेमके कुठून येते ते शोधावे. रक्त उसळत असेल, जमिनीवर साचत असेल, कपडे भिजून ठिबकत असतील किंवा माणूस गुंगत असेल तर एक क्षणही घालवू नये. ओढणी, रुमाल, शर्ट, जे स्वच्छ हाताशी असेल त्याची जाड घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ ठेवून, अंगाचा भार देऊन दाबावे. थांबले का, हे पाहायला हात उचलू नये. घडी भिजली तर हात बरोबर जागी आहे ना ते पाहून वर दुसरी ठेवावी आणि आणखी जोराने दाबावे. जांघेत किंवा काखेत खोल जखम असेल तर कापड आत ठासून भरावे आणि मग दाबावे. छातीत किंवा पोटात मात्र काही कोंबू नये. काच किंवा सळई रुतली असेल तर उपसू नये. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे.

हात-पाय तुटला असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तरच पट्टा आवळावा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नव्हे. पट्टा रुंद हवा. सुतळी किंवा तार नको. त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावे, वेळ लिहून ठेवावी आणि दवाखान्याशिवाय कुठेही सोडू नये. जखमीला आडवे ठेवून चादर पांघरावी, कारण अंग गार पडले की रक्त गोठणे मंदावते. पाणी किंवा चहा पाजू नये. आपल्या हातांत मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी चालते; नंतर साबणाने हात धुवावेत.

आपल्या घरांत जखमेवर हळद, चहापत्ती, चुना लावण्याची सवय आहे. बोट कापले तर एक वेळ ठीक. वाहत्या धमनीपुढे ती टिकत नाही, वेळ मात्र जातो. उहुदच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर जखम झाली तेव्हा हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त वाढते आहे हे पाहताच त्यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर लावली आणि रक्त थांबले. यातून मी राख घेत नाही. घाबरून न जाता नजर जखमेवर ठेवणे आणि एक उपाय चालत नाही हे दिसताच तो बदलणे, हे घेते. आज आपल्या हाताशी स्वच्छ कापड आहे. कुर्तुबाजवळ दहाव्या शतकात होऊन गेलेले शल्यचिकित्सक अबुल कासिम जहरावी यांनीही लिहून ठेवले की धमनीतून रक्त उसळले तर आधी तिच्यावर बोट घट्ट दाबून धरावे, मग पुढचा इलाज करावा. हजार वर्षे झाली, पहिली पायरी तीच आहे.

पुढच्या पायऱ्या दवाखान्याच्या. तिथेही घड्याळ चालूच असते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 40 देशांतल्या 20 हजारांहून अधिक जखमींवरच्या अभ्यासात दिसले की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. त्यानंतर दिले तर उपयोग नाही, उलट अपाय होऊ शकतो. तेवढा वेळ माणूस तगवणे आपल्या हातात आहे.

आता सर्वांत मोठी भीती. "पोलिसांचं लचांड नको, आपल्याला तर नकोच," असे मोहल्ल्यातल्या आया मुलांना बजावतात. त्यांच्या भीतीला कारणे आहेत, मी ती नाकारत नाही. पण 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची नियमावली मान्य केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर जखमीच्या मृत्यूबद्दल किंवा इजेबद्दल खटला होत नाही. नाव-पत्ता सांगणे त्याच्या मर्जीवर असते. दवाखाना त्याला अडवून ठेवू शकत नाही, पैसेही मागू शकत नाही. हे आपल्या मुलांना तोंडपाठ हवे.

वर्गात मी तक्क्यावर घडी ठेवून मुलांना दाबायला लावते, घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटे. तिसऱ्या मिनिटाला हात भरून येतात, पाचव्याला जोडीदार बदलावा लागतो. बदलताना दाब सुटू द्यायचा नाही, हेही ती तिथेच शिकतात. भगिनींनो, रविवारी घरात एकदा करून पाहा. सासूबाई, मुले, ज्यांना रोज दुचाकीवरून जायचे आहे ते, सगळ्यांना बसवा. दुचाकीच्या डिकीत एक धुतलेला जाड पंचा ठेवा. आणि रस्त्यावर आवाज झाला तर "आपल्यातलं कोणी आहे का" हे नंतर विचारा.