हिरवळीवरून जड वाहन नेताना

जड वाहन हिरवळीवरून गेले की गवतापेक्षा खालच्या मातीचे नुकसान जास्त होते. हरळीसारखे गवत चिरडले तरी कांड्यांतून पुन्हा फुटते. मातीचे तसे नाही. चांगल्या मातीत निम्म्याच्या आसपास जागा पोकळ्यांची असते. त्यांत हवा आणि पाणी खेळते. चाकाखाली त्या मिटल्या की पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात आणि चाकोरीतले गवत कित्येक महिने पिवळे राहते.

पहिला प्रश्न ओलीचा. कोरड्या मुरमाड जमिनीवर जेमतेम खूण ठेवणारा जेसीबी ओल्या काळ्या मातीत रुतून बसतो. म्हणून काम ठरताच दोन-चार दिवस आधी पाणी बंद करावे. पावसाळ्यात उघाडीची वाट पाहावी. चिकण माती तपासणे सोपे आहे. खुरप्याने वीतभर खोलवरची माती काढून तळहातावर वळावी. तीन मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली, तर वाहन बाहेरच थांबवावे. त्याआधीच तुकडे पडू लागले, तर जमीन बऱ्यापैकी भार पेलते.

दुसरा प्रश्न वजनाचा. वरच्या थरावरचा दाब मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतो, त्यामुळे रुंद, कमी हवेचे टायर चाकोरी उथळ ठेवतात. खोलवर मात्र ॲक्सलवरचे वजन पोचते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच दहा टन असते. तिथे टायर बदलून भागत नाही. टँकर रस्त्यावर ठेवून पाइप आत न्यावा, खडी-विटा गेटपाशी उतरवाव्यात.

वाहन आत न्यावेच लागले, तर वाट एकच ठेवावी. माती सर्वाधिक दबते ती पहिल्या काही फेऱ्यांतच. त्यामुळे नवी वाट म्हणजे नवे नुकसान. लग्नाच्या लॉन्सवर मांडवाचे ट्रक मन मानेल तिथून फिरतात, ते याच कारणाने महागात पडते. वाटेवरचे चेंबर, सेप्टिक टँकची झाकणे आणि स्प्रिंकलरचे पाइप आधी फक्कीने आखून घ्यावेत. टेम्पोसाठी १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर, खालचे सांधे वरच्या तक्त्यांनी झाकून, अंथरावेत. जड यंत्राला लोखंडी प्लेटा लागतात. उभ्या गाडीचे स्टेअरिंग फिरवले की गवत मुळासकट पिळून निघते, म्हणून वळण पक्क्या जागेवरच घ्यावे. कडक उन्हात प्लेटांखालचे गवत काही तासांत करपते. काम संपताच त्या उचलाव्यात.

चाकोरी पडलीच, तर ती लगेच मातीने भरू नये. वाफसा आल्यावर कडेला बागेचा काटा खुपसून खालची माती हळूच उचलावी, मग दर वीतभर अंतरावर भोके पाडून त्यांत वाळू व कुजलेले खत झाडून घालावे. उरलेला खोलगट भाग थोड्या थोड्या मातीने, गवताची पाती उघडी ठेवून भरत जावा. रोलर मात्र फिरवू नये. त्याने उंचवटे बसतात, पण माती पुन्हा दबते.